आर७ की आर१०? भाचीला दिलेलं लांबलचक उत्तर

दसऱ्याच्या आधी भाचीचा मेसेज आला, दोन स्क्रीनशॉट आणि खाली एक ओळ, "मामा, यातला कुठला घेऊ, एका शब्दात सांग." एक स्क्रीनशॉट कॅनन आर७ कॅमेऱ्याचा, दुसरा कॅनन आर१० चा. एका शब्दात सांगायचं तर मी "आर७" म्हणून मोकळा झालो असतो आणि चुकलो असतो. तिने पाठोपाठ एक तक्ता पण पाठवला होता, त्यात आर७ समोर टिकमार्कांची रांग आणि आर१० समोर जेमतेम दोन, वजन कमी आणि आत फ्लॅश आहे. असा तक्ता बघितला की कोणीही म्हणणार, एकदाच घेतोय ना, मग चांगलाच घेऊ. आपल्याकडे हे वाक्य फ्रीजपासून फ्लॅटपर्यंत सगळीकडे चालतं आणि त्यावर कितीतरी शोरूम्स चालतात.

मग तिला म्हणलं रविवारी घरीच ये, आणि पोहे खाता खाता जे बोलणं झालं तेच इथे लिहितोय, कारण हा प्रश्न मला वर्षातून तीन-चार जण तरी विचारतात, मॉडेलची नावं फक्त बदलतात.

आधी दोघांची ओळख. दोन्ही कॅमेरे कॅननने एकाच दिवशी, २४ मे २०२२ ला जाहीर केले, म्हणजे जुळी भावंडंच म्हणा, एकाला जरा जास्त जेवायला मिळालं एवढंच. दोन्ही मिररलेस. जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश एका आरशावर आपटून वर व्ह्यूफाइंडरमध्ये जायचा आणि बटण दाबलं की आरसा खटकन उचलला जायचा. मिररलेसमध्ये आरसाच नाही, सेन्सर सतत चालू असतो आणि तो जे बघतो ते तुम्हाला आतल्या छोट्या स्क्रीनवर दिसतं. फायदा असा की फोटो काढायच्या आधीच तो उजळ येणार की काळा ते कळतं, आणि सेन्सर सतत बघत असल्याने पक्ष्याचा डोळा स्वतःच शोधून फोकस तिथे धरून ठेवतो. तोटा म्हणजे बॅटरी, पण तिच्याकडे नंतर येतो. ही डोळा शोधायची सिस्टिम दोघांत जवळपास तीच आहे, माणूस, कुत्रा, मांजर, पक्षी, गाडी सगळं ओळखते, आणि माझ्या मते या दोन्ही कॅमेऱ्यांतली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. आणि नेमकी तीच तक्त्यात दोघांकडे सारखी, त्यामुळे तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

भाचीला विचारलं, काढणार काय? म्हणाली उजनी धरणाकाठच्या भिगवणचे पक्षी, पुण्यातले जुने वाडे आणि देवळं, आणि घरातली कार्यं. हा क्रम लक्षात ठेवा.

आता तक्त्यातला पहिला टिकमार्क. आर७ मध्ये ३२.५ मेगापिक्सेल, आर१० मध्ये २४.२. ऐकायला एक-तृतीयांश जास्त वाटतं आणि दुकानातला मुलगा हेच आधी सांगतो. पण सेन्सरचा आकार दोघांचा जवळजवळ तोच, २२.३ मिलिमीटर रुंद, ज्याला एपीएस-सी म्हणतात तो. शंकरपाळे आठवा. पोळपाटावर एकाच मापाच्या दोन पोळ्या लाटल्यात, एकीला आडवे-उभे सहा-सहा भाग पाडले, दुसरीला सात-सात. पहिलीचे छत्तीस शंकरपाळे, दुसरीचे एकोणपन्नास. आकडा ऐकून वाटतं दुसरीत केवढं तरी जास्त आलं, पण पीठ तेवढंच आणि एका बाजूने बघितलं तर फरक सहाला सात एवढाच. आर१० चा फोटो ६००० पिक्सेल रुंद, आर७ चा ६९६०. म्हणजे बाजूने सोळा टक्के.

हे सोळा टक्के पक्ष्यावर मोजून बघू. छोटा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १६ सेंटिमीटर. तो २० मीटरवर काठीवर बसलाय आणि तुमच्याकडे ४०० एमएमची लेन्स आहे (एमएमचा आकडा जितका मोठा, तितकी दूरची वस्तू मोठी दिसते). गणित साधं आहे, सेन्सरवर त्याची प्रतिमा ३.२ मिलिमीटर लांब पडते, कॅमेरा कुठलाही असो. आर७ वर या ३.२ मिलिमीटरमध्ये सुमारे १००० पिक्सेल बसतात, आर१० वर ८६०. भाचीला हे आकडे कागदावर लिहून दाखवले तर म्हणाली, "बस एवढाच फरक?" हो, एवढाच. तिला तोवर वाटत होतं आर७ ने पक्षी जवळ येतो. जवळ कोणीच येत नाही, दूरच्या पक्ष्याचे तुकडे फक्त जरा बारीक पडतात, जणू ४०० च्या जागी ४६४ एमएमची लेन्स लावलीय. आणि त्यातही मेख आहे, स्वस्तातल्या लांब लेन्स पूर्ण झूमला एफ ८ वर येऊन थांबतात (हा आकडा जितका मोठा तितकं लेन्समधलं भोक, म्हणजे ॲपर्चर, लहान), एवढ्या बारीक ॲपर्चरमधून जाताना प्रकाश स्वतःच किंचित पसरतो, त्यामुळे बारीक पिक्सेलचा सगळा फायदा काही पदरात पडत नाही. वरून सकाळी नऊ-साडेनऊनंतर उजनीच्या पाण्यावर ऊन तापलं की हवा झुळझुळायला लागते, त्यात तर ३२ काय आणि ६२ काय, सगळे खंड्या सारखेच पुसट. होडी पाच मीटर पुढे घ्यायला सांगितली तर मात्र वीसचे पंधरा होतात आणि ८६० चे साडेअकराशे. होडीवाल्याला सांगा, पण हळू आणि लांबूनच, रोहित पक्ष्यांच्या थव्यात होडी घालून उडवायला लावणारे लोक बघितले की माझं डोकं फिरतं, ते असो.

दुसरा टिकमार्क, स्पीड. आर७ सेकंदाला ३० फोटो, आर१० ला २३. भाचीने याला दोन टिक दिले होते. खाली बारीक अक्षरात मात्र "इलेक्ट्रॉनिक शटर" लिहिलेलं असतं आणि खरी गोम तिथे आहे. शटर म्हणजे सेन्सरवर किती वेळ प्रकाश पडू द्यायचा ते ठरवणारी सोय, ती दोन प्रकारची. मेकॅनिकल म्हणजे खरोखरचा पडदा सेन्सरसमोरून सरकतो. इलेक्ट्रॉनिक म्हणजे पडदा नाही, सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत येतो, झेरॉक्सच्या दुकानात स्कॅनरचा दिवा सरकतो तसा. आर७ ला वरची ओळ ते खालची ओळ वाचायला साधारण १/३० सेकंद लागतो, आर१० ही याबाबतीत काही जलद नाही. शटर स्पीड तुम्ही १/२००० सेकंद ठेवलाय, म्हणजे प्रत्येक ओळ गोठलेली आहे, पण पहिली ओळ आणि शेवटची ओळ वेगवेगळ्या क्षणाची आहे, मधल्या वेळात पंख खाली आलाय. मग कुरवाचा पंख रबरासारखा वाकडा दिसतो. डेक्कन क्वीनच्या खिडकीतून मोबाईलने फोटो काढल्यावर विजेचे खांब तिरके येतात ना, तोच प्रकार. पडदा हेच अंतर १/२०० ते १/२५० सेकंदाच्या आसपास कापतो त्यामुळे तिथे हा त्रास जाणवत नाही.

म्हणून उडणाऱ्या पक्ष्याला मेकॅनिकल शटर लावायचं, आणि मेकॅनिकलला दोघांचा स्पीड किती? १५ आणि १५. सारखाच! तीसचा आकडा बसलेल्या घुबडासाठी आहे, आणि बसलेल्या घुबडाचे सेकंदाला तीस फोटो कशाला पाहिजेत ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. (शाळेच्या गॅदरिंगला किंवा कीर्तनात आवाज न करता काढायला इलेक्ट्रॉनिक शटर छान आहे, तिथे वापरा की, पण एलईडी लाईटखाली पट्टे येतात का ते आधी एक फोटो काढून बघा.)

एक फरक मात्र खरा आहे, बफर, म्हणजे कार्डावर लिहून होईपर्यंत फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा. पंधराच्या स्पीडने रॉ (मोठ्या, कच्च्या फाइलचे) फोटो काढत सुटलात तर आर१० दोनेक सेकंदात धापा टाकायला लागतो, आर७ तीन-साडेतीन सेकंद ओढतो. घार पाण्यावर झेपावते तेव्हा तो दीड सेकंद महत्त्वाचा असतो हे मान्य. जेपेगमध्ये, म्हणजे छोट्या फाइलमध्ये, काढलं किंवा बोट जरा आवरलं तर आर१० वरही भागतं, आणि बोट आवरायला शिकलेलं बरंच, नाहीतर घरी येऊन अडीच हजार फोटो चाळायचे कोणी.

आता तिसरा टिकमार्क, ज्याच्यासाठी निम्मे लोक आर७ घेतात. बॉडीतलं (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यातलं) स्टॅबिलायझेशन, ज्याला सगळे आयबिस म्हणतात. आर७ मध्ये आहे, आर१० मध्ये नाही. यात सेन्सर स्प्रिंगवर बसवल्यासारखा तरंगत असतो, तुमचा हात उजवीकडे हलला की तो तेवढाच सरकून ती हालचाल खाऊन टाकतो. कॅनन सांगतं सात स्टॉपपर्यंत. स्टॉप म्हणजे दुप्पट, एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येणं, दोन म्हणजे चौपट, असं. सात हा लॅबमधला आकडा, आपण तीन-चार धरून चालू, चहा प्यायलेल्या हाताला तेवढेच मिळतात.

भाचीचं म्हणणं होतं की पक्ष्यांसाठी हे पाहिजेच, लांब लेन्स हलते. इथेच तिची गाडी घसरली आणि मला वाटतं बऱ्याच जणांची घसरते. स्टॅबिलायझेशन तुमचा हात थांबवतं, पक्षी थांबवत नाही. उडणारा पक्षी गोठवायला १/२००० लागतो. हात हलण्याचा जुना ठोकताळा असा की शटर एक भागिले लेन्सचे एमएम एवढं तरी ठेवावं, छोट्या सेन्सरमुळे कॅनन एपीएस-सीला ते १.६ ने गुणायचं, म्हणजे ४०० ला १/६४०. तुम्ही आधीच १/२००० वर आहात, म्हणजे हाताचा थरथराट तीनपट मागे पडलाय, त्यात सेन्सर तरंगो नाहीतर ढिम्म बसो, फोटोला फारसा फरक पडत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र स्थिर दिसलं की पक्षी फ्रेममध्ये ठेवायला सोपं जातं हे खरं, पण त्यासाठी लेन्समध्येच स्टॅबिलायझेशन असतं. कॅननची आरएफ १००-४०० एमएम, जी या दोन्ही कॅमेऱ्यांवर लोक पक्ष्यांसाठी लावतात, तिच्यात साडेपाच स्टॉपचं आहे. म्हणजे आर१० काही उघड्यावर पडलेला नाही.

मग आयबिस बिनकामाचं का? अजिबात नाही, फक्त ते भिगवणला नाही, पाताळेश्वरला कामाला येतं. जंगली महाराज रोडवरून आत शिरा, लेण्याच्या आत खांबांपाशी उभे राहा, बाहेर लखलखीत ऊन आणि आत तेवढाच अंधार. हातात ५० एमएम एफ १.८, ही गरिबाची लाडकी लेन्स, हिच्यात स्वतःचं स्टॅबिलायझेशन नाही. ठोकताळ्याप्रमाणे ५० गुणिले १.६ म्हणजे १/८० तरी पाहिजे. आर७ वर तीन स्टॉप धरले तर १/८० चं १/४०, १/२०, १/१०. खांब काही हलत नाही, १/१० ला हातातच स्वच्छ फोटो येतो, समजा आयएसओ (सेन्सरवरचा प्रकाश किती वाढवून घ्यायचा तो आकडा) ८०० ला. आर१० वर तुम्हाला १/८० वरच राहायचंय म्हणजे आठपट कमी प्रकाश, तो भरून काढायला आयएसओ ८०० चा ६४००. आणि ६४०० ला काळ्या दगडावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. ट्रायपॉड लावता आला असता तर प्रश्नच नव्हता, पण पुरातत्त्व खात्याच्या जागेत परवानगीशिवाय ट्रायपॉड उघडलात की वॉचमन हजर.

म्हणजे उलटंच आहे बघा. लोक पक्ष्यांसाठी आयबिस बघून आर७ घेतात, आणि आयबिसचा खरा उपयोग न हलणाऱ्या वस्तू अंधारात काढणाऱ्याला. त्यातही लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असेल तर आर१० वाल्याचंही भागतं. १८-१५० एमएम ही किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याच्या संचात मिळणारी, घेतली तर तिच्यात साडेचार स्टॉप आहेत. अडचण येते ती ५० एमएम एफ १.८ किंवा सिग्माची १८-५० एफ २.८ लावल्यावर, या दोघींत काही नाही. सिग्माची ती लेन्स २०२४ मध्ये कॅननच्या या माउंटला (लेन्स अडकवायच्या जागेला) बसेल अशी आली, छोटी आहे, लग्नकार्याला झकास आहे, आणि आर७ वर ती जास्त शोभते हे मी कबूल करतो. चालता चालता व्हिडिओ काढणाऱ्यालाही आयबिस हवं. पण पोरं पंगतीत पळतायत तर १/१० ला आर७ वरसुद्धा पोरांच्या जागी भुतं येणार, तिथे पुन्हा १/२०० लागतो आणि पुन्हा दोघे सारखे.

एवढं ऐकून भाची खुश, म्हणाली म्हणजे आर१०. म्हणलं थांब, आता त्याची रडगाणी ऐक.

बॅटरी. आर१० मध्ये एलपी-ई१७, १०४० एमएएच. आर७ मध्ये एलपी-ई६एनएच, २१३० एमएएच. दुपटीपेक्षा जास्त. मिररलेसचा सेन्सर सतत जागा असतो हे वर सांगितलंच. भिगवणला पहाटे साडेसहाला होडीत बसलात आणि व्ह्यूफाइंडर डोळ्याला लावून बसलात, तर आर१० ची एक बॅटरी सकाळ काढेलच याची खात्री नाही. दोन जास्तीच्या बॅटऱ्या धरूनच हिशोब करा, आणि त्या खिशात ठेवा, थंडीत बॅगेत गारठतात.

कार्डाची जागा. आर१० ला एकच कार्ड, आणि ते खाली, बॅटरीच्याच झाकणाआड. ट्रायपॉडची प्लेट लावलेली असेल तर आधी प्लेट काढा मग कार्ड. वैताग आहे. आर७ ला दोन कार्डं, बाजूच्या झाकणात. दोन कार्डं म्हणजे एकच फोटो एकाच वेळी दोन्हीकडे लिहिता येतो.

याचं महत्त्व मला कोणी सांगायला नको. पूर्वी एकदा मावसभावाच्या मुलाच्या मुंजीत मी हौसेने फोटो काढले, एक कार्डवाल्या जुन्या कॅमेऱ्यावर, कार्ड रस्त्यावरून सेलमध्ये घेतलेलं. घरी येऊन लावलं तर कॉम्प्युटर म्हणतो फॉरमॅट करायचं का. रिकव्हरी सॉफ्टवेअरने भिक्षावळीचे फोटो परत आले, मंगलाष्टकं आली, मातृभोजनाचा एकही आला नाही. मावशी अजून माझ्या हातात कॅमेरा दिसला की विचारते, "याच्यात येतात का रे फोटो?" तर पैसे घेऊन कार्यं काढणार असाल तर आर७ वर चर्चाच नको, दुसऱ्या कार्डाचे पैसे पहिल्याच मुंजीत वसूल. भाची घरच्यांचे काढणार, घरचे टोमणे मारतील पण केस करणार नाहीत, तिला चांगलं कार्ड आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर त्याच रात्री कॉपी, एवढी शिस्त पुरे.

व्ह्यूफाइंडर आर१० चा लहान दिसतो, चष्मेवाल्यांना जास्त जाणवेल. पकडही लहान आहे, माझ्या करंगळीला जागाच उरत नाही, भाचीची बसली बरोबर. आर७ च्या मागच्या बाजूला जॉयस्टिकभोवतीच फिरणारं एक चाक आहे, अंगठ्याखाली येतं, कोणाला फार आवडतं कोणाला मुळीच नाही, हे तुमच्या अंगठ्यालाच विचारावं लागतं.

आणि पावसाचं. आर७ ला धूळ-पाण्यापासून बचावाचं सील आहे, आर१० ला तसं काही कॅनन म्हणत नाही. तक्त्यात हा टिकमार्क भाचीने लाल रंगात केला होता, आपल्याकडचा पाऊस बघता बरोबरच वाटतं. पण बॉडीला सील आणि लेन्सला नसेल तर काय होणार, छत्री धरली आणि पायात चपलाच. ती १००-४०० सील केलेली नाही, १८-१५० पण नाही. सील असलेल्या एल सिरीजच्या लेन्सच्या किमतीत चांगली दुचाकी येते. म्हणजे या बजेटमध्ये पावसात दोघांनाही प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँडच, जी मी गेली कितीतरी वर्षं वापरतोय.

आता पैसे. आपल्याकडचे भाव सणासुदीला, कॅशबॅकला, दुकानदाराच्या मूडला हलतात म्हणून मी जाहीर झाले तेव्हाचे डॉलरमधले भाव धरतो, प्रमाण कळायला तेवढे पुरतात. आर७ ची नुसती बॉडी १४९९ डॉलर. आर१० ची नुसती बॉडी ९७९. आणि ती १००-४०० लेन्स साधारण ६५० ची. बेरीज करा, आर१० अधिक पक्ष्यांची लेन्स म्हणजे १६२९. म्हणजे आर७ च्या रिकाम्या बॉडीच्या पैशात थोडे घातले की आर१० लांब लेन्ससकट येतो. बॉडी रिकामी असेल तर तिने फोटो निघत नाही हे सांगायची गरज नाही, पण दुकानात उभं राहिल्यावर सगळे हेच विसरतात, आर७ घेतात, पैसे संपतात, मग सोबतच्या छोट्या किट लेन्सवर भिगवणला जातात आणि रोहित पक्षी गुलाबी ठिपक्यांसारखे घेऊन येतात. १५० वरून ४०० वर गेलात तर तोच पक्षी बाजूने जवळजवळ पावणेतीनपट मोठा. मघाशी मेगापिक्सेलने किती मिळत होता? सोळा टक्के.

वजनाचं पण बोलू. आर१० बॅटरी-कार्डासकट ४२९ ग्रॅम, आर७ ६१२, लेन्स ६३५. म्हणजे एक जोडी १०६४ ग्रॅम, दुसरी १२४७. पावशेर पण फरक नाही, याला मी टिकमार्क दिला नसता. हां, ऑफिसच्या बॅगेत रोज टाकणार असाल तर गोष्ट वेगळी. त्या १००-४०० चा एक गुण जाता जाता, ती जवळूनही फोकस होते, मीटरभरापेक्षा कमी अंतरावरून, त्यामुळे कासला गेलात तर वाकून गुडघे न मोडता फुलावरचं फुलपाखरू पण हिच्यातच.

भाचीचा शेवटचा मुद्दा होता, "पण मामा, दोन वर्षांनी मला आर७ च हवासा वाटला तर?" तर बॉडी विकायची आणि लेन्स ठेवायची. बॉडीचा भाव नव्या मॉडेलच्या नुसत्या बातमीने पडतो, लेन्स त्यामानाने शांत असतात. आणि घरात कोणाचा जुना कॅनन डीएसएलआर पडलाय का ते आधी विचार असंही तिला सांगितलं. तिच्या काकांकडे निघाला की, कपाटात, बरोबर ५५-२५० ची लेन्स, नव्यासारखी. कॅननचा ॲडॅप्टर घेतला की या जुन्या लेन्स दोन्ही कॅमेऱ्यांवर ऑटोफोकससकट चालतात, ५५-२५० मध्ये स्टॅबिलायझेशनही आहे. तिला म्हणलं ॲडॅप्टर आण आणि आधी तीच लेन्स लावून सारसबागेत चार रविवार काढ, मग ४०० घे, पण काकांना विचारून.

आर७ कोणी घ्यावा मग? ज्याच्याकडे लांब लेन्स आधीच आहे आणि पक्षी रोजचेच आहेत, त्याला सोळा टक्के पण हवे असतात, बफर हवा असतो, दिवसभराची बॅटरी हवी असते. ज्याचं पोट कार्यांवर आहे त्याने, दोन कार्डांसाठी. आणि जो देवळांच्या गाभाऱ्यात, लेण्यांत, वाड्यांच्या जिन्यात ५० एमएम घेऊन हिंडतो त्याने, आयबिससाठी. भाचीच्या यादीत वाडे दुसऱ्या नंबरला होते म्हणून मी थोडा अडखळलो, खोटं कशाला बोलू. पण तिला विचारलं वाड्यांचे फोटो कधी काढतेस, तर म्हणाली हेरिटेज वॉकला, सकाळी, बाहेरून. झालं मग.

दुकानात जाताना स्वतःचं कार्ड न्या. दोन्ही कॅमेऱ्यांत तेच कार्ड घालून दुकानातल्या पंख्याचा एक फोटो इलेक्ट्रॉनिक शटरला, एक मेकॅनिकलला काढा, पाती वाकडी कशात येतात ते डोळ्यांनी बघा. टेबलाखालच्या अंधारात खोक्यावरची अक्षरं १/१० ला हातात धरून काढा. दहा मिनिटं व्ह्यूफाइंडरला डोळा लावून उभे राहा, मान आणि करंगळी काय म्हणते ते ऐका. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. पाच-सहा हजार स्वस्त मिळतोय म्हणून इंडिया वॉरंटी नसलेला ग्रे मार्केटचा पीस घेऊ नका, पक्कं बिल मागा, बिलावरचा, खोक्यावरचा आणि कॅमेऱ्याच्या बुडावरचा सिरीयल नंबर एकच आहे का ते तिथेच जुळवा. किटबरोबर फुकट म्हणून जी बॅग आणि तकलादू ट्रायपॉड देतात ते परत देऊन त्याऐवजी बॅटरी मागा, धनत्रयोदशीच्या गर्दीत नाही देणार, आदल्या आठवड्यात देतात.

भाचीने आर१० घेतला, ॲडॅप्टर घेतला, १००-४०० साठी डिसेंबरपर्यंत पैसे साठवतेय, थंडीत भिगवणला पक्षी येतातच. तिला एवढंच सांगून ठेवलंय की कॅमेऱ्याबरोबर येतो तो पट्टा कितीही ओंगळ दिसला तरी होडीत पाय ठेवायच्या आधी गळ्यात घालायचा, उजनीत पडलेला कॅमेरा वॉरंटीत बसत नाही.